मयताचा कॅमेरा एकोणिसाव्या मजल्यावर

हेझ्रोन किसिया आजारी माणसाला भेटायला जात नाही. त्याला जायचं असतं, पण लोकांना तो नको असतो. नैरोबीच्या कावांगवारे वस्तीत, त्याच्या गल्लीत कोणी अंथरुणाला खिळलं की शेजारपाजारचे दूध, पाव, केळी घेऊन जातात. किसिया दारात दिसला की घरातली बाई आधी त्याच्या हातातली पिशवी बघते. पिशवीत कॅमेरा नाही अशी खात्री पटल्यावरही म्हणते, "एवढ्यात कशाला आलात, भाऊ?"

किसिया मयताच्या फिल्म काढतो. केनियाच्या पश्चिमेकडचा माणूस नैरोबीत मेला तरी त्याला नैरोबीत पुरत नाहीत, गावी नेतात. शुक्रवारी संध्याकाळी शवागारातून पेटी निघते, मागोमाग नातेवाइकांची बस निघते, आणि त्या बसमध्ये ड्रायव्हरच्या मागची खिडकी किसियाची असते. शनिवारी माती. सोमवारी सकाळी तो पुन्हा आपल्या दुकानात.

या धंद्यात फिल्म आठवण म्हणून काढतात असं बाहेरच्यांना वाटतं. ती पुरावा म्हणून काढतात. पेटीशेजारी कुठली बायको बसली, पहिली माती थोरल्याने टाकली की धाकट्याने, जमिनीवर हक्क सांगणारा पुतण्या जेवून गेला की न जेवता, हे सगळं पुढे कधीतरी कुळाच्या बैठकीत निघतं. म्हणून किसियाने स्वतःला काही सवयी लावून घेतल्या आहेत. कबरीवरची माती फावड्याने सपाट होईपर्यंत कॅमेरा बंद करायचा नाही, कारण खरी भांडणं प्रार्थना संपल्यावर होतात. कोणी "बस झालं" म्हणालं तर मान हलवायची आणि चालूच ठेवायचा. कॅमेऱ्याच्या पुढचा लाल दिवा दिसला की काही माणसं रडण्याचं सोंग करतात आणि काही रडू आवरतात, म्हणून त्या दिव्यावर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा. आणि प्रती नेहमी दोन. एक विधवेला, एक कुळातल्या वडीलधाऱ्यांना.

"एकाच बाजूला दिली तर दुसरी बाजू म्हणते खोटी आहे," तो सांगतो. "दोघांकडे असली की दोघंही गप्प."

याच सवयी घेऊन तो शहरातल्या अप्पर हिल भागातल्या एका अर्धवट इमारतीच्या एकोणिसाव्या मजल्यावर गेला. डिक्सन लुस्वेटी नावाच्या काच बसवणाऱ्याचा खुबा कोणाच्या चुकीने मोडला, त्याच्या स्वतःच्या की कंपनीच्या, हे पुढे ठरायचं होतं ते किसियाच्या कॅमेऱ्यात काय आहे त्यावरून.

त्याला बोलावलं होतं करिमी नावाच्या बाईने. बांधकाम कंपनीच्या जाहिरातींचं काम तिच्याकडे होतं. एका सहकाऱ्याच्या वडिलांच्या मयताची फिल्म तिच्या पाहण्यात आली होती, आणि आपल्याला कोणी टिपतंय याचा त्या फिल्ममधल्या एकाही माणसाला पत्ता नव्हता, हे तिला आवडलं होतं.

"मला असेच कामगार हवेत," ती म्हणाली. "उंचावर, आपल्या कामात बुडालेले. आणि सगळ्यांच्या अंगावर सुरक्षेचे पट्टे दिसले पाहिजेत. तेवढं बघा."

किसियाला ते 'तेवढं बघा' खटकलं. "मयताच्या घरीही एखादा हळूच येऊन असं सांगतो. सगळ्या सुना रडताना दिसल्या पाहिजेत, तेवढं बघा. अशा घरी मी दोन बॅटऱ्या जास्त नेतो."

तरी तो गेला. जिवंत माणसांचं काम त्याच्याकडे कधी येत नसे. लग्नवाले त्याचं नाव ऐकूनच दुसऱ्याकडे वळत. ज्यांना टिपलं तीच माणसं नंतर दुकानात येतील, स्वतःला पडद्यावर बघून हसतील, ही कल्पना त्याला बरी वाटली होती.

जुलैचे दिवस होते, आभाळ खाली उतरलेलं, थंडी. इमारतीच्या फाटकाबाहेर अकेयोमावशी चपाती आणि घेवड्याची उसळ विकते. किसिया जागा पाहून घ्यायला आला तेव्हा आधी तिच्याकडे खायला बसला. तिने बशी पुढे केली आणि हात तसाच ठेवला.

"थांब. सियायाच्या गावी माझ्या दिराच्या मयताच्या वेळी तूच होतास ना?"

"असेन."

"असेन काय! माझ्या जावेने चक्कर आल्याचं सोंग केलं आणि पडताना खाली चटई आहे का ते बघून घेतलं, ते तूच पकडलंस. सगळं गाव अजून हसतं." मग तिचं हसू गेलं. "इथे कोण मेलंय?"

"कोणी नाही, मावशी. कामगारांची फिल्म काढायची आहे."

"कोणी मेलं नाही आणि तुला बोलावलं?"

त्याची चपाती संपेपर्यंत ही बातमी शेवटच्या मजल्यावर पोचली होती. मालाच्या लिफ्टमधून तो वर गेला तेव्हा एकोणिसाव्या मजल्यावरचं काम थांबलं. कोणी पाठ फिरवली. एकाने सिमेंटची रिकामी गोण डोक्यावरून ओढून घेतली. फक्त एक बुटका, रुंद खांद्यांचा माणूस हातमोजे काढत पुढे आला. हा लुस्वेटी. कांगेमी वस्तीत राहणारा, मूळचा पश्चिमेच्या बुंगोमाकडचा, बोलायला तिखट. इमारतीच्या बाहेरून लोखंडी झुला सोडतात, त्यात उभं राहून काचा बसवायचं त्याचं काम. घरी बायकोला मात्र त्याने सांगितलं होतं की आपण काचा आतून बसवतो.

"या, मयतवाले, या," तो म्हणाला. "माप घ्यायला आलात की नुसते फोटो?"

"तुझं माप कशाला घ्यायचं? तुला उभाच पुरता येईल."

हसले सगळे, पण जवळ कोणी आलं नाही. मुकादम मुइंडेने टाळी वाजवली. "हसा, हसा. ज्याला फिल्ममध्ये यायचं नसेल त्याने उद्यापासून फाटकावरही यायचं नाही."

किसियाने कडेला जाऊन खाली पाहिलं आणि मागे सरला. शूटिंगच्या दिवशी आपल्यालाही एक पट्टा लागेल, असं त्याने मुइंडेला सांगितलं.

"तुला कशाला? तू आत उभा राहणार."

"कडेला उभा राहणार."

"मोजून मागवलेत. सोमवारी येतील, शूटिंगपुरते."

"मग आज ही माणसं?"

"आज काय? आज ती रोजच्यासारखीच आहेत."

सोमवारी किसिया येताना घरून एक रुंद निवार घेऊन आला. पेटी कबरीत उतरवताना वापरतात ती. निवारीचं एक टोक त्याने खांबाला बांधलं आणि दुसरं कमरेला. पश्चिमेकडच्या माणसांनी निवार ओळखली.

"बघा रे," लुस्वेटी म्हणाला, "ह्याने स्वतःला तर आधीच बांधून घेतलं. उतरवायला किती जण लागतील?"

मुइंडेने खोकं उघडलं. आत नारिंगी पट्टे होते, प्लास्टिकच्या पिशव्यांतले. लुस्वेटीने आपला पट्टा उलटासुलटा केला, नाकाला लावला. "कोरा आहे. दुकानाचा वास येतोय. आज एकदम आमच्यावर एवढी माया कशी आली?"

"घाल. तोंड कमी चालव."

"घालतो की. पण संध्याकाळी हा माझ्याच अंगावर असेल ना, मुकादम?"

"आधी घाल तर."

शूटिंग सुरू झालं. झुला कठड्याबाहेर गेला, त्यात लुस्वेटी आणि त्याचा जोडीदार. दोघांच्या पट्ट्यांचे आकडे वरून सोडलेल्या दोरांना अडकवलेले. किसियाने काच, हात, चेहरे घेतले. चेहरे त्याला आवडले नाहीत, फार ताठ होते. मग त्याच्या तोंडून सवयीचं वाक्य गेलं.

"जरा खाली बघा. मान खाली, खाली बघा."

पेटीभोवती उभ्या असलेल्यांना तो हेच सांगतो. मान खाली गेली की चेहऱ्यावरचं दुःख नीट दिसतं. झुल्यातल्या दोघांनी कठडा घट्ट धरला.

"ह्याला आम्ही पडायला हवे आहोत!" लुस्वेटी ओरडला. "तू ये इकडे, तुला शिकवतो खाली कसं बघतात ते!"

झुला आत आल्यावर किसिया गट पाडू लागला. काचवाले आधी, मग वेल्डिंगवाले, मग रंगवाले, पुढे या, जवळ उभे राहा. यातही त्याच्या मनात काही नव्हतं. पण पेटीशेजारी फोटोला माणसं अशीच बोलावतात, आधी मुलं, मग सुना, मग जावई, आणि आवाजही हाच असतो. वेल्डिंगवाल्यांतल्या एकाने छातीवर क्रूसाची खूण केली आणि तो गटातून निघून गेला. मुइंडेने त्याला परत आणून उभा केला.

"झालं," शेवटी मुइंडे म्हणाला. "बंद कर तुझं यंत्र."

किसियाने मान हलवली. कॅमेरा सिमेंटच्या पोत्यांवर ठेवला आणि कमरेची निवार सोडायला बसला. कॅमेरा त्याने बंद केला नव्हता. हे सवयीने झालं की संशयाने, यावर त्याचं उत्तर दर वेळी वेगळं असतं. एकदा तो नुसतं म्हणाला, "माती सपाट झाली नव्हती."

पोत्यांवरून कॅमेऱ्याला जे दिसलं ते असं. खोकं. मुइंडेचे हात. एकेक माणूस येतो, पट्टा उतरवून देतो, मुइंडे फडक्याने पुसून तो पुन्हा प्लास्टिकच्या पिशवीत घालतो. लुस्वेटी चित्रात येतो. पट्टा त्याच्या अंगावरच आहे.

"पलीकडची रांग राहिली आहे अजून. झुला परत जाणार."

"मग जा ना."

"पट्टा?"

"तो इकडे दे. काचेचा चिकटा लागला तर दुकानदार परत घेणार नाही."

"म्हणजे भाड्याचे आणले?"

"लुस्वेटी, काच बसव. फाटकावर तुझ्या जागेला पन्नास जण उभे आहेत."

लुस्वेटी पट्टा काढतो, खोक्यात टाकतो, कोणाला तरी उद्देशून एक शिवी देतो आणि कठडा ओलांडून झुल्यात उतरतो. त्याच्यामागे दोर वाऱ्याने हलतो, त्याला कोणी अडकवलेलं नाही. पुढे काही वेळ नुसतं खोकं दिसत राहतं.

करिमीला किसियाने कापून जोडलेली फिल्म दिली. पाठीमागे न्गोंगच्या टेकड्या, नारिंगी पट्टे, झुल्यात हसणारा लुस्वेटी. ती खूश झाली. मग तिने विचारलं, "बाकीचं काय केलं?"

"बाकीचं हललेलं आहे. कामाचं नाही."

"मग पुसून टाका."

"हो," किसिया म्हणाला, आणि दुकानात येऊन त्याने नेहमीप्रमाणे त्या उरलेल्या भागाच्या दोन प्रती काढून ठेवल्या.

यानंतरचा काही आठवड्यांचा काळ किसियाच्या बाजूने मांडता येत नाही. फिल्म त्याच्याकडे होती. झुला रोज बाहेर जात होता. पट्टे दुकानात परत गेलेत हे त्याला ठाऊक होतं. तो कोणाकडे गेला नाही. याचंही त्याच्याकडे धंद्यातलंच कारण आहे. मयतवाला आपणहून कोणाला फिल्म दाखवत नाही. दाखवली तर तो कोणाच्या तरी बाजूचा झाला असं धरतात, आणि मग त्याला कोणीच बोलावत नाही. फिल्म मागायला यावं लागतं. इथे मागायला येणाऱ्याला ती आहे हेच माहीत नव्हतं, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. निदान तो तसं सांगतो.

ऑगस्टमध्ये एका दुपारी झुल्याची एक बाजू अडकली आणि दुसरी खाली जात राहिली. जोडीदाराने कठड्याला मिठी मारली. लुस्वेटी घसरला आणि दोन मजले खाली, बाहेर आलेल्या स्लॅबवर आपटला. तो स्लॅब तिथे नसता तर किसियाला त्याचं नेहमीचं काम मिळालं असतं. लुस्वेटीचा खुबा मोडला.

त्याची बायको नालियाका कांगेमीच्या बाजारात जुने कपडे विकते. कुठलीही वस्तू हातात आली की आधी उलटी करून शिवण तपासायची तिची सवय. ती हॉस्पिटलात पोचली तेव्हा मुइंडे तिथेच होता. त्याने सहानुभूतीचे दोन शब्द बोलून घेतले आणि खिशातून फोन काढला.

"बघा, वहिनी. पट्टा दिला होता. हा बघा, घातलेला आहे. त्या दिवशी घालायचा कंटाळा केला त्याने. आता कंपनी तरी काय करणार?"

नालियाकाने फिल्म पाहिली. आपण काचा आतून बसवतो म्हणणारा तिचा नवरा इमारतीच्या बाहेर लटकून हसत होता, अंगावर नारिंगी पट्टा. ती पलंगाजवळ गेली.

"का नाही घातलास?"

"काढून घेतले सगळे. त्याच दिवशी. विचार कोणालाही."

"कोणाला विचारू? तुझ्या जोडीदाराला विचारलं, तो म्हणतो मला आठवत नाही."

"त्याला उद्या काम हवंय."

"आणि तुला? तू तर आत असतोस ना, भिंतीच्या?"

लुस्वेटीने छताकडे तोंड केलं. खुब्यात धातूची पट्टी घालायला लागणार होती. चूक त्याची ठरली तर कंपनी एक शिलिंगही देणार नव्हती, हे मुइंडे जाता जाता बोलून गेला होता. पण नालियाकाला त्या क्षणी दुसरीच टोचणी होती. नवऱ्याने एक खोटं सांगितल्याचं उघड झालं होतं. हे दुसरं असेल का?

फिल्म कोणी काढली ते तिला फाटकावर अकेयोमावशीने सांगितलं, आणि दोन दिवसांनी ती मावशीलाच घेऊन किसियाच्या दुकानात आली. आत न येता दारातच उभी राहिली.

"माझ्या नवऱ्याला पट्टा घातलेला दाखवणारा तूच का?"

"आत या, ताई."

"तुझ्या दुकानात येऊन बसण्याएवढी वेळ अजून आली नाही माझ्यावर. एवढंच सांग. पट्टे काढून घेतले की नाही?"

किसियाने संगणक चालू केला. तेव्हा मात्र ती आत आली, बसली नाही. तिने खोकं पाहिलं, मुइंडेचे हात, प्लास्टिकच्या पिशव्या. नवऱ्याचा आवाज आला, 'म्हणजे भाड्याचे आणले?' अकेयोमावशी मोठ्याने काहीतरी म्हणाली. नालियाकाने हाताने तिला गप्प केलं आणि लुस्वेटी कठडा ओलांडतो तिथपर्यंत पाहिलं.

"पुन्हा लाव."

त्याने पुन्हा लावलं.

"हे तुझ्याकडे कधीपासून आहे?"

"त्या दिवसापासून."

"त्या दिवसापासून." तिने मान डोलावली. "आणि तो रोज वर जात होता. कोणाला विकायचं ठरवलं होतंस?"

"विकायचं नव्हतं."

"मग ठेवलंस कशाला?"

"मी ठेवतोच. मयताची फिल्म मागितल्याशिवाय दाखवत नाही कोणाला. नियम आहे."

"मेलं कोण होतं?" नालियाकाने विचारलं. "सांग ना. तू हे काढलंस तेव्हा मेलं कोण होतं?"

अकेयोमावशी म्हणाली, "मी पहिल्या दिवशीच विचारलं होतं ह्याला."

"प्रती किती आहेत?"

"दोन."

"दोन्ही दे."

"एक देतो."

"दुसरी कोणाला?"

"दुसऱ्या बाजूला."

नालियाकाने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग अकेयोमावशीकडे. "ऐकलंस? ह्याला दोन्हीकडून घ्यायचंय." तिने पेनड्राइव्ह घेतला, तिथल्या तिथे परत संगणकात घालून आत खरंच तेच आहे का ते पाहिलं, शेवटपर्यंत पाहिलं, आणि रुमालाच्या गाठीत बांधला. दारातून वळून म्हणाली, "तुझा कोणी आजारी पडला तर मला बोलव. मीही येईन बघायला."

दुसऱ्या दिवशी किसिया दुसरी प्रत घेऊन स्वतः करिमीकडे गेला. तिने ती त्याच्यासमोरच पाहिली.

"हे पुसायला सांगितलं होतं मी तुम्हाला."

"हो."

"आता किती मागणार आहात?"

"काही नाही. एक त्या बाईकडे आहे. ही तुमची. दोन्ही सारख्या आहेत, एक सेकंदही कमीजास्त नाही."

"तिला दिलीत, मग मला कशाला देताय?"

"तुमच्याकडे नसती तर तुम्ही म्हणाला असता की तिची बनावट आहे."

करिमीला हे खरं वाटलं नाही. काहीतरी मागायचं सोडून माणूस स्वतःहून वस्तू देऊन जातो, म्हणजे त्याला दुसरीकडून मिळालंय, असा तिने हिशेब केला. तिने तीन ठिकाणी फोन केले. फाटकावर पोचेपर्यंत ते उलटं झालं आणि त्याच संध्याकाळी बातमी होती की मयतवाल्याने फिल्म कंपनीला विकली. जोडीदाराने लुस्वेटीला हॉस्पिटलात जाऊन सांगितलं. "मी म्हटलं नव्हतं का?" नालियाका एवढंच म्हणाली.

पण भरपाईच्या दाव्याची सुनावणी व्हायच्या आधीच कंपनीने आपलं म्हणणं बदललं. अपघाताच्या दिवशी पट्टे 'उपलब्ध नव्हते', आणि याला मुकादम जबाबदार होता. मुइंडेला काढलं. पट्टे भाड्याने आणायचे हे मुइंडेने एकट्याने ठरवलं असेल असं इमारतीवर कोणालाच वाटत नाही, पण तेवढ्यावर ते मिटलं. लुस्वेटीच्या खुब्यात धातूची पट्टी बसली, खर्च कंपनीने केला, वर काही भरपाईही दिली. डावा पाय आता थोडा आखूड आहे आणि हातात कुबडी. बायकोच्या शेजारी बसून तो कपड्यांच्या बटणांवरून गिऱ्हाइकांशी वाद घालतो.

कंपनीकडे प्रत होती म्हणून ती झुकली, की नालियाकाकडे होती म्हणून? किसियाचं मत पहिलं, नालियाकाचं दुसरं. किसियाला त्या प्रतीबद्दल काही मिळालं का, हा प्रश्न कांगेमीत अजून निघतो. इमारतीचं काम मात्र त्याला पुन्हा कोणी दिलं नाही. तो परत ड्रायव्हरच्या मागच्या खिडकीत बसू लागला.

पुढच्या वर्षी पावसाळ्याआधी लुस्वेटीचे वडील बुंगोमाकडे, किमिलीलीजवळच्या गावी वारले. चार मुलगे, दोन बायकांची दोन घरं, आणि मधल्या शेताचा वाद जुनाच. लुस्वेटीने किसियाला फोन केला.

"कांगेमीत तीन जण आहेत कॅमेरावाले," किसिया म्हणाला.

"माहीत आहे. ते थांब म्हटलं की थांबतात."

"तुझी बायको काय म्हणते?"

"ती म्हणते तुला घरात घ्यायचं नाही, अंगणातूनच काढ."

शनिवारी सकाळी अंगणात मांडव होता. किसियाने तिपाई लावली. लुस्वेटी कुबडी टेकत आला, मागे नालियाका. त्याने कॅमेऱ्याच्या पुढे वाकून पाहिलं, काळ्या चिकटपट्टीचा तुकडा शोधला आणि अंगठ्याच्या नखाने खरवडून काढला. लाल दिवा लागलेला होता.

"लागलेलाच आहे," नालियाका म्हणाली. "बघ. अजून कोणी सुरू कर म्हटलंही नाही."

"असू दे," लुस्वेटी म्हणाला. "दिसू दे सगळ्यांना."

त्या दिवशीची फिल्म किसियाच्या मते वाईट आहे. दिव्यामुळे सगळे ताठ उभे राहिले, सुनांनी रडताना डोक्यावरचे रुमाल सावरले, धाकट्या भावाने माती टाकताना आधी कॅमेऱ्याकडे पाहिलं. प्रार्थना झाली. पाहुणे जेवायला वळले. दोघं भाऊ फावड्याने माती ओढत राहिले आणि काहीतरी हळू आवाजात बोलले, तेही फिल्ममध्ये आहे. माती सपाट झाली तसा किसियाने कॅमेरा बंद केला. दिवा विझला.

लुस्वेटी तिथेच उभा होता. "बंद?"

"बंद."

"नक्की?"

"दिवा बघ ना."

लुस्वेटीने दिवा पाहिला. मग हात पुढे केला आणि कॅमेऱ्याच्या भिंगावर तळवा ठेवला. किसिया तिपाईचे पाय मिटून कॅमेरा पिशवीत घालेपर्यंत त्याने तो तसाच धरून ठेवला.